देवाने केलेला नवस

आमच्या वाडीतली माणसं देवाला नवस बोलायची. गाऱ्हाणेकाकीचं म्हणणं असं, की तिच्या देवानंच आधी तिला नवस बोललाय आणि तो अजून फेडलेला नाही. म्हणून ती त्याच्या मागे लागली होती. रोज उजाडता उजाडता ती खाडीकडच्या आपल्या अंगणात येऊन उभी राही, पदर खोचलेला, एक हात कमरेवर, आणि वर बघून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात देवाला आपल्या मुलाबद्दल जाब विचारी.

"हे देवा म्हाराजा, तू कोणाक फसवणारो न्हंय. तूच तुझ्या तोंडान सांगलंस, 'बाये, रडा नको, डोळे पूस, तुझी पोरां लांबच्या मुलखातसून परत येतली.' सांगलंस काय नाय? मगे माझो झील खंय आसा? बोललंस ता पुरा कर!"

आमच्या मुलखात गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. जत्रा असो, लग्न असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, कोणीतरी जाणता माणूस देवापुढे मोठ्यानं मागणं मांडतो आणि जमलेली माणसं वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काकी ख्रिस्ती झाली तरी देवाशी बोलायची तिची रीत हीच राहिली. फरक इतकाच, की तिच्या गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी नव्हतं. वाडीनं तिला गाऱ्हाणेकाकी हे नाव ठेवलं ते चेष्टेनं. पुढे तिचं खरं नाव कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

ती मूळची आमच्याच वाडीतली, मासेमाराच्या घरातली. खाडीपलीकडच्या मिठबावला दिली होती. मुलगा झाला, तो चालूबोलू लागला, आणि मग तिला असं काही दुखणं जडलं, की गावातल्या वैद्यानं हात टेकले. कोणीतरी तिला मिशनच्या इस्पितळात नेऊन टाकलं. टाकलं असंच म्हणायला हवं, कारण नंतर विचारपूस करायला घरचं कोणी गेलं नाही. तिथल्या नर्सबाईंनी तिला महिनोन् महिने सांभाळलं, अंथरुणातून उठवलं, ख्रिस्ती शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या. ती बरी झाली आणि तिनं बाप्तिस्मा घेतला. घरी परतली तर सासूनं दार लावून घेतलं. पाच वर्षांचा मुलगा आत रडत होता आणि ही बाहेर ओट्यावर बसून होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं तिला तरीवर, खाडी ओलांडणाऱ्या होडीवर, आणून सोडलं. वर्षभरात त्यानं दुसरी बायको केली. भावानं खाडीच्या कडेची झोपडी तिला दिली आणि चार माड दिले, एवढंच तिचं संस्थान.

माझं माहेर कट्टा गावचं. बाजारातलं घर, वडिलांचं कापडाचं दुकान, त्यामुळे मुलगी असूनही सातवीपर्यंत शिकले. पन्नास सालानंतर लगेचच मी लग्न होऊन या वाडीत आले. नवरा मुंबईला, घरात सासू-सासरे. आमची विहीर काकीच्या कुंपणाला लागून होती. आल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी मी पाणी ओढत होते आणि पलीकडे तिचं गाऱ्हाणं चालू होतं. "...तर तो झील माका हाडून दी," असं म्हणून तिनं मुलगा आणून द्यायला सांगितलं, आणि लहानपणापासूनची सवय म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा!" ती एकदम थांबली. वळून माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या सासूनं ते घरातून ऐकलं होतं. मला त्या दिवशी जी बोलणी बसली ती अजून कानात आहेत. पण दुपारी कुंपणावरून काकीनं हाक मारली, "गो सुने, तुका वाचूक येता मा?"

असं आमचं जुळलं. दुपारी सासू आडवी झाली, की मी मागच्या दारानं जायची. काकीला अक्षरओळख नव्हती. शास्त्र तिला नर्सबाईंनी दिलेलं होतं, ते ती कापडात गुंडाळून फळीवर ठेवी. मी वाचायची आणि ती ऐकायची. सगळंच नाही. देव कुठे कुठे काय काय बोलून बसलाय, तेवढंच तिला हवं असे. पाण्यातून चाललास तर मी तुझ्याबरोबर असेन. आई एक वेळ पोटच्या पोराला विसरेल, मी विसरणार नाही. आणि सगळ्यांत शेवटी, दर खेपेला, ते पोरं परत येण्याचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकी, हे तुला कुठे सांगितलंय? हे दुसऱ्या मुलखातल्या माणसांना सांगितलंय, तेही हजारो वर्षांपूर्वी." ती शांतपणे म्हणाली, "अगो, पाऊस काय एकट्याच्या नावान पडता? ज्येच्या शेतात पडलो तेचो."

माझ्या लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासूनं कुणकेश्वराला नवस बोलला. काकीला ते सांगितलं तर तिनं हसून घेतलं. "तुमी देवाक सांगतास, तू आधी दी, मगे आमी देतंव. माझो देव मी काय मागूच्या आधी आपणच बोललो. मगे आता फेडूचा कोणी? मी काय तेच्याकडे बोलूक गेल्लंय?" पुढे मला मुलगी झाली आणि सासूनं नवस फेडला. मी मुलीला घेऊन काकीकडे गेले तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. माझं काम झालं होतं, तिचं अजून राहिलं होतं. तिनंच ओळखलं. शास्त्रात एक सारा आहे, म्हातारपणी मूल होईल असं देवानं सांगितलं तेव्हा हसली ती. काकी म्हणाली, "ती सारा हसली. मी हसणंय नाय. मी वाट बघतंय." आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन तिच्या पायांना तेल चोळत बसली.

वाडीपासून थोड्या अंतरावर ख्रिस्ती माणसांची चार घरं होती, त्यांचं एक छोटं प्रार्थनामंदिर होतं. तालुक्याहून महिन्यातून एकदा पाळक येत. माणूस वाईट नव्हता, पण बाईमाणसानं देवाशी असं हमरीतुमरीवर यावं हे त्यांना रुचत नसे. त्यांनी तिला समजावलं, की वचनाचा अर्थ आत्मिक घ्यायचा असतो. मुलं परत येतील म्हणजे देवाकडे येतील, स्वर्गात भेट होईल. काकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाळकसाहेब, झील मिठबावाक आसा, स्वर्गात न्हंय. मधी एक तर आणि थोडी वाट. देवाक इतक्या जमना नाय?" त्यांनी एवढंच सांगितलं, की मंदिरात तरी मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना करावी. तिथल्या बायकाही तिला हेच सांगत. हळू बोल, लोक हसतात. तिनं मंदिरातलं बोलणं बंद केलं आणि अंगणातलं वाढवलं.

सगळ्यांत बोभाटा झाला तो तिच्या जत्रेचा. महाशिवरात्रीला काकी कुणकेश्वरला जायची. हिंदू म्हणत, बाटलेली बाई शंकराच्या जत्रेत काय करते? ख्रिस्ती म्हणत, अजून जुना देव सुटत नाही. खरं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. मिठबावची माणसं जत्रेला ज्या वाटेनं येत त्या वाटेवर ती शहाळी घेऊन बसे. शहाळीच का, तर तिच्या हातचं दुसरं काही कोणी घेतलं नसतं. उपासाचा दिवस, त्यात हिच्या हातचं. पण शहाळ्याच्या पाण्याला कोणाचा हात लागत नाही, ते चालतं. इतका विचार तिनं केला होता. मुलगा येईल, तहानलेला असेल, आणि आईच्या हातचं असं एकच पाणी त्याला पिता येईल.

एका वर्षी सासूबरोबर मीही त्या जत्रेला गेले होते. मुलगा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. चारपाच मित्रांबरोबर आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. तिनं हाताखाली झाकून ठेवलेलं शहाळं काढलं, कोयतीनं तासलं आणि त्याच्या हातात दिलं. तो तोंडाला लावून पिऊ लागला. तेवढ्यात एका मित्रानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं शहाळं खाली ठेवलं, अर्धं पाणी आत तसंच, आणि मागे न बघता निघून गेला. काकीनं ते उचललं आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायली. मग मला म्हणाली, "बघलंस? देव हाडता हा तेका. हळूहळू हाडता हा." मला संताप आला. तिच्या मुलाचा आला, तिचा आला आणि ज्यानं कोणी तिला ही आशा लावली होती त्याचा सगळ्यांत जास्त आला.

मुलाचं लग्न झालं ते तिला बाजारात कळलं. नवरा गेला तेही बाजारातच कळलं. मुलाचं पहिलं मूल गेलं, दुसरं गेलं, तेही कोणीतरी मासळी विकता विकता सांगितलं. ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना तिचं गाऱ्हाणं नेहमीपेक्षा लांबलं. वाडीतली माणसं ते ऐकत होती. त्यांतल्या कोणाची सोयरीक मिठबावला, कोणाची व्यवहाराची ओळख. हिच्या गाऱ्हाण्याची बातमी खाडीपलीकडे कोणत्या शब्दांत गेली असेल ते मला नंतर समजलं. पहाटे हात कमरेवर ठेवून, आभाळाकडे बघून मुलाचं नाव घेऊन ओरडणारी बाई शापच घालत असणार, दुसरं काय?

पासष्ट-सहासष्टच्या सुमारास, भातकापणी चालू असताना, तो आला.

मी कुंपणाशी होते. आधी काकीचा दीर, मुलाचा चुलता, आला, मग मिठबावची तीन-चार माणसं, आणि त्यांच्यामागून काकीचा मुलगा. त्याची बायको मूल घेऊन वाटेवरच थांबली, तिला अंगणात येऊ दिलं नव्हतं. काकी चुलीपुढे होती. ती बाहेर आली आणि मुलाला बघून जागच्या जागी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, त्याहून मोठं काहीतरी होतं. इतकी वर्षं जे ती सांगत होती ते तिच्या अंगणात दोन पायांवर उभं होतं.

"इलंस?" ती म्हणाली. "ये, आत ये. बस."

बोलला तो चुलता. "बसूक येवक नाय आमी. देवीचो कौल घेतलो. दोन पोरां गेली, ह्या तिसरा दूध ओढना नाय. देवीक इचारला, आवशीचा गाऱ्हाणा आड येता काय? उजवी पाकळी पडली, देवीन व्हय म्हटल्यान. तुझ्या शापान घराचा वाटोळा झाला."

"मी शाप घालूक नाय रे," काकी मुलाकडे बघून म्हणाली. चुलत्याकडे तिनं लक्षच दिलं नाही. "मी तुका मागत होतंय. तू येवचंस म्हणान मागत होतंय."

मुलगा जमिनीकडे बघत होता. "काय मागत होतंस ता माका नको. ता मागणा परत घे. ह्या माणसांसमोर देवाक सांग, माझा काय मागणा नाय म्हणान."

मला वाटलं, आता ही उसळणार. आता कमरेवर हात जाणार. पाळकाला जिनं गप्प केलं, ती या कौलाला काय भीक घालते? काकीनं वाटेवर उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. मूल फडक्यात गुंडाळलेलं होतं, त्याचा आवाज येत नव्हता.

"मी तसा बोललंय तर तुझ्या जीवाक बरा वाटात?" तिनं विचारलं.

"व्हय."

तिनं आभाळाकडे बघून सुरुवात केली, पण इतक्या हलक्या आवाजात, की चुलता म्हणाला, "जोरान बोल, ऐकाक येवक व्हया." जन्मभर सगळ्यांनी जिला हळू बोल म्हणून सांगितलं तिला तो माणूस जोरानं बोल म्हणत होता. आणि ती बोलली. "हे देवा म्हाराजा, आजपासून ह्या झिलासाठी माझा कायएक मागणा नाय. तू बोललंस ता मी इसारलंय. माझा गाऱ्हाणा मी परत घेतलंय."

"व्हय म्हाराजा," ती सगळी माणसं एका सुरात म्हणाली.

ती लगबगीनं आत गेली, शहाळं आणि कोयती घेऊन बाहेर आली. तोवर माणसं वाटेला लागली होती. मुलगा कुंपणापाशी होता. "नको, तर चुकात," एवढं म्हणाला आणि तरीच्या वाटेनं गेला. बायकोनं तेवढं एकदा मागे वळून पाहिलं.

दुपारी काकीनं मला बोलावलं आणि शास्त्र काढायला लावलं. तेच पान. मी वाचलं. ती म्हणाली, "येतली म्हणान लिवला हा ना?" मी म्हटलं, हो. "रवतली म्हणान लिवला हा?" मी वरच्या ओळी पाहिल्या, खालच्या पाहिल्या, पान उलटून पाहिलं. येतील असं लिहिलं होतं. तिच्या घरी राहतील असं कुठेच लिहिलं नव्हतं. मी तसं सांगितलं. "मगे? तेणा आपला केल्यान," ती म्हणाली.

माझा तोल गेला. "याला नवस फेडणं म्हणतात, काकी? इतकी वर्षं रडवून तुझ्या तोंडून नको वदवून घेतलं, आणि हे फेडणं?"

"तेका नाव ठेव नको," ती म्हणाली. "तेणा हाडल्यान. परत धाडल्यान ता माणसांनी." आणि शास्त्र गुंडाळून तिनं फळीवर ठेवलं. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

मूल वाचलं. कौलाची कीर्ती पंचक्रोशीत झाली. आमच्या सकाळी मात्र मुक्या झाल्या. विहिरीवर पाणी ओढताना मला रहाटाचाच तेवढा आवाज येई. एकदा न राहवून मी विचारलं, मोठ्यानं नाही तर मनात तरी मागतेस की नाही? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले. "दिलेलो सबद मोडूचो नाय. माझो देव मोडणा नाय, मगे मी कशी मोडू?" कुणकेश्वरच्या वाटेवर ती त्यानंतर कधी बसली नाही. शहाळी भावाला विकायला देई.

ती गेली तापानं. शेवटचे दिवस मी तिच्याजवळ होते. सासू तोवर थकली होती, मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं. तापात माणसं काय काय बोलतात. ती भावाच्या माडांबद्दल बोलली, इस्पितळातल्या नर्सबाईंबद्दल बोलली, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मी कान देऊन एका नावाची वाट बघत होते. बेशुद्धीतसुद्धा ते नाव तिच्या तोंडून निघालं नाही. माणूस शब्द पाळतो म्हणजे कुठवर पाळतो, हे मी तेव्हा पाहिलं, आणि मला त्याचं कौतुक वाटलं नाही, रडू आलं.

मिठबावला निरोप धाडला होता. कोणी आलं नाही. पुरण्याच्या वेळी पाळक चांगलं बोलले. या भगिनीला देवानं दिलेलं वचन त्यानं पूर्ण केलं, तिचा मुलगा तिच्या दारी आला, असं म्हणाले. त्यांची माणसं आमेन म्हणाली. मी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर आमच्या वाडीतल्या बायकांत उभी होते. देव आहे की नाही याबद्दल मला कधी शंका आली नाही. तो आहे, आणि त्यानं काकीचं नीट केलं नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि ते मी तिथल्या बायकांना बोलूनही दाखवलं.

मुलगा आला त्यानंतर पंधरवड्यानं. झोपडीला कुलूप बघून आमच्या ओसरीशी आला. बरोबर तो वाचलेला पोर होता, आता बापाचं बोट धरून चालणारा, चांगला गुटगुटीत. पोर माझ्या कोंबड्यांच्या मागे धावत होता.

"शेवटाक माझा नाव घेतल्यान काय तिणा?" त्यानं विचारलं.

"तुमी माणसांत उभी करून वदवून घेतलास ना," मी म्हटलं, "मागूचा नाय म्हणान? नाय घेतल्यान."

तो तसाच उभा राहिला. दारात आलेल्या माणसाला बस म्हणायची आमच्याकडे रीत आहे. मी म्हटलं नाही.